मास्तरांचा होकार

मदत बंद झाली, कारण मदत चांगली चालली होती. हे वाक्य ज्याला वेडगळ वाटेल त्याने मदत देणाऱ्या सरकारी खात्यात एकदा चक्कर मारून यावं. तिथे ते कोणालाच वेडगळ वाटत नाही. तिथे त्याला टिपण म्हणतात आणि त्यावर शिक्का मारतात.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. रस्त्याला लागून तळमजल्यावर पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. उभा जन्म त्यांनी लोकांचे कोट आणि पँटी शिवण्यात घालवला. मग एका सकाळी उजवं अंग लुळं पडलं आणि ते काही पुन्हा उठलं नाही. जीभ शाबूत राहिली, डावा हात राहिला, आणि चारचौघांत नीटनेटकं दिसायची हौस राहिली. बायको आधीच गेली होती. उरली एक मुलगी, ती शहराची बस चालवायची. गल्ली तिला बसवाली म्हणायची. सुरुवातीला ते चिडवणं होतं, पण पुढे तिलाच ते आवडायला लागलं.

बसवालीची गाडी पहाटेची पहिली. त्या गाडीला सूटबूटवाले नसतात. इस्पितळातल्या नर्सा, झाडूवाल्या, भट्टीवर पाव भाजणारे, रात्रपाळी संपवून डुलक्या काढणारे पहारेकरी, असा सगळा शहराला जागं करणारा वर्ग. ती गाडी चुकली की या सगळ्यांची हजेरी चुकते. म्हणून ती वेळेवर सुटायची, आणि ती वेळेवर सुटायची कारण सरकारने मास्तरांना एक मावशी दिली होती.

मावशी रोज उजाडायच्या आत यायची. अंगापिंडाने दणकट बाई, दंडात ताकद आणि तोंडात अखंड बडबड. ती मास्तरांना उठवायची, संडासला न्यायची, अंघोळ घालायची, दाढी करून द्यायची, इस्त्रीचा शर्ट चढवायची आणि पुढच्या खोलीत कापड बेतायच्या टेबलाशी खुर्चीत बसवायची. दुपारी जेवण गरम करायला आणि पुन्हा एकदा संडासला न्यायला पाच-दहा मिनिटं डोकावून जायची. मास्तर आता शिवत नव्हते. पण रस्त्यावरून जाणारं जुनं गिऱ्हाईक आत डोकावलं की त्याला वाटायचं, मास्तर आत्ताच पट्टी गळ्यात घालून उभे राहतील. हे सगळं मावशीच्या हाताचं काम होतं. ते डोळ्यांना दिसत नव्हतं, कारण ते नीट झालेलं होतं.

त्या वर्षी खात्याला साक्षात्कार झाला की या योजनेवर फार खर्च होतोय. मग घोषणा झाली की यापुढे मदत फक्त खऱ्या गरजूंनाच, आणि प्रत्येकाची घरी येऊन तपासणी होणार.

"बरोबर आहे," वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात उभे राहून म्हणाले. "आम्ही जन्मभर कर भरायचा आणि त्यावर लोकांनी मजा मारायची. कुठवर चालायचं हे?"

"काका, काल माझ्या बसमधून फुकटच्या पासावर कोण फिरत होतं?" बसवालीने विचारलं.

"ते वेगळं. तो माझा हक्क आहे."

"आणि पेन्शन?"

"तो तर माझा घामाचा पैसा!" काका असे बघायला लागले, जणू तिने त्यांच्या खिशातच हात घातला. हे काका मनाचे वाईट नव्हते. दुसऱ्याला मिळतं ती खैरात आणि आपल्याला मिळतो तो हक्क, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि तो काही एकट्या काकांचा नव्हता.

तपासणीवाला आला तेव्हा बसवाली गाडीवर होती. ती दुपारी घरी आली तर मास्तर खुशीत.

"आज एक साहेब येऊन गेले," ते म्हणाले. "भला पोरगा. शर्ट मात्र खांद्यात उतरला होता. म्हटलं, अहो, ज्याने शिवला त्याने तुमचा खांदा बघितलाच नाही."

बसवालीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "कसले साहेब, बाबा? खात्यातले?"

"असतील. हातात काहीतरी होतं, त्यावर खुणा करत होते."

"काय विचारलं त्यांनी?"

"हेच, बरे आहात ना. म्हटलं, मजेत."

"आणखी?"

"एकटे उठता का म्हणाले. म्हटलं, होऊन जातं."

"बाबा!"

"अंघोळ? होऊन जातं. कपडे? होऊन जातं. जिना चढता का म्हणाले, म्हटलं आपल्याला जिनाच नाही, पण असता तर तेही होऊन गेलं असतं." मास्तर हसले. "खूश झाले बघ. जाताना हात जोडून गेले."

बसवालीने कपाळावर हात मारून घेतला. हा होकार तिला लहानपणापासून पाठ होता. टेलरच्या टेबलासमोर उभं राहून माणूस काय वाटेल ते मागतो. शनिवारच्या आत मिळेल का? होऊन जाईल. कापड थोडं कमी पडतंय, भागेल? होऊन जाईल. वडिलांचा कोट मुलाच्या मापाचा करून द्याल? होऊन जाईल. टेबलाशी आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. आधी हो म्हणायचं आणि मग रात्र जागून ते निभवायचं, यावरच मास्तरांनी दुकान चालवलं, पोरीला शिकवलं, बायकोचं आजारपण काढलं. खात्याच्या माणसाने टेबलासमोर उभं राहून विचारलं, आणि मास्तरांच्या तोंडून त्यांचा सगळा जन्म बोलला.

"तो गिऱ्हाईक नव्हता, बाबा," ती म्हणाली. "तो बघायला आला होता की तुम्हाला जमतं का नाही."

"मग मी काय सांगायचं?" मास्तरांचा चेहरा पडला. "दारात आलेल्या परक्या पोराला सांगू, की मला धुवायला बाई येते?"

तिने पिशवी टेबलावर ठेवली.

पंधरवड्यात पत्र आलं. लाभार्थी दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करण्यास सक्षम आढळून आल्याने साहाय्य थांबवण्यात येत आहे. पत्र वाचताना बसवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सक्षम! ज्या माणसाला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो तो सक्षम, का तर मावशीने त्याची दाढी चांगली केली होती. दाढी वाढलेली असती, शर्टाला घाण वास येत असता, तर मदत चालू राहिली असती. म्हणजे या लोकांना मदत द्यायची ती माणूस सडत ठेवून. तो जरा माणसात आला की यांना वाटतं, आता याला कशाला हवीय मदत.

ती खात्यात गेली. एका खिडकीने तिला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीने हात वर केले. "अपील करा," तिसऱ्या खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली. "सुनावणीची तारीख कळवू."

"तोवर काय करू? त्यांना दोरीला वाळत घालू?"

बाईने तेव्हा मात्र मान वर केली. "माझ्यावर कशाला चिडता? मी बंद केली का?" तेही खरंच होतं. त्या इमारतीत प्रत्येकाचं असंच खरं होतं. मदत बंद झाली होती आणि ती कोणीच बंद केली नव्हती.

मावशी पुढचे काही दिवस बिनपगारी येत राहिली. "तुमच्यासाठी नाही, मास्तरांसाठी येते," असं म्हणायची. पण तिची सकाळची तीन घरं एकदमच सुटली होती, तिचंही पोट होतं. मग ती एका कारखान्यात लागली. जायच्या आदल्या दिवशी तिने मास्तरांची नखं कापली आणि तेवढा वेळ ती काहीच बोलली नाही. मास्तर म्हणाले, "आज गळा बसला की काय?" तेव्हा ती रडायला लागली.

आता सगळं बसवालीच्या अंगावर आलं. मावशीचा ज्यात हातखंडा होता ते करताना तिच्या नाकी नऊ यायचे. बाप लुळा असला तरी बापाचं वजन काही लुळं नसतं. शिवाय बापाला अंघोळ घालताना मुलीने कुठे बघायचं आणि बापाने कुठे बघायचं, हा प्रश्न रोज नव्याने पडायचा. मास्तर डोळे मिटून घ्यायचे. ती भराभर पाणी ओतायची. दोघंही त्या वेळात काहीतरी फालतू बोलत राहायचे, भाजी महाग झाली, समोरच्याने दुकानाला रंग काढला, असं काहीही.

पहिली गाडी उशिरा सुटायला लागली. थांब्यावरच्या नर्सा आधी घड्याळाकडे बघायच्या, मग तिच्याकडे, मग चढायच्या. पावभट्टीवाल्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, ते त्याने तिला उतरताना सांगितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. डेपो मॅनेजर म्हणाले, "बाई, तुझं दुःख मला कळतं, पण गाडीला कळत नाही. एक तर वेळेवर ये, नाहीतर गाडी सोड. या महिनाअखेरपर्यंत मी सांभाळतो, पुढे माझा नाइलाज आहे."

गाडी सोड. किती सोपं होतं म्हणायला. गाडी चालवायचं शिक्षण तिला याच सरकारने दिलं होतं, पगारही हेच सरकार देत होतं, त्या पगारातून कर हेच सरकार कापत होतं. मावशीच्या दोन-अडीच तासांचे पैसे वाचवायला हे लोक एक चांगली चाललेली ड्रायव्हर घरी बसवणार होते, आणि मग घरी बसलेल्या बाईला कुठल्यातरी दुसऱ्या योजनेतून पोसणार होते. ही काटकसर कोणाच्या डोक्यातून निघाली होती देव जाणे. गाडी हाकताना ती हे मोठ्याने बोलायची. मागच्या सीटवरचे पहारेकरी झोपेतच हूं म्हणायचे.

आणि मास्तर? त्यांनी आपल्यापुरता एक उपाय काढला आणि कोणाला सांगितला नाही. त्यांनी पाणी प्यायचं सोडलं. पाणी प्यायलं की दुपारी संडासला जावं लागतं, आणि मुलगी यायच्या आत नेणारं कोणी नाही. तिने भरून ठेवलेला तांब्या ते डाव्या हाताने खिडकीबाहेर ओतायचे. तिला वाटायचं, बाबा नीट पाणी पितात. मग एक दिवस ताप चढला, तोंडातून भलतंच बोलणं यायला लागलं, आणि सरकारी इस्पितळात न्यावं लागलं. लघवीचा जंतुसंसर्ग झालाय, डॉक्टर म्हणाल्या. सलाइन, सुया, तपासण्या, खाट, तीन पाळ्यांच्या नर्सा. मावशी वर्षभर येऊन जेवढा खर्च झाला नसता तेवढा सरकारने त्या खाटेवर केला, आणि त्याबद्दल कोणी तपासणीवाला विचारायला आला नाही.

"भरपूर पाणी पाजा," डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं. "मागितलं नाही तरी पाजा."

सुनावणीची तारीख आली तेव्हा महिना संपत आला होता. आदल्या संध्याकाळी काका खाली आले. आता त्यांचाही सूर बदलला होता. मास्तरांना इस्पितळात न्यायला गाडीत घालताना पाय त्यांनीच धरले होते.

"हे बघ, मी सांगतो तसं कर," ते बसवालीला म्हणाले. "दाढी करायची नाही. जुना मळका सदरा घाल. तोंडातून थोडी लाळ गळली तर पुसायची नाही. आणि मास्तर, तुम्ही काही बोलायचंच नाही. विचारलं की नुसतं कण्हायचं. कण्हून दाखवा बघू."

मास्तरांनी मान फिरवली. "मी नाटक करणार नाही."

"अहो, नाटक कुठे? जे आहे तेच जरा वाढवून!"

"काका, जे आहे ते पुरेसं आहे," बसवाली म्हणाली. "तेच दिसलं पाहिजे."

तिने सकाळी मास्तरांची दाढी केली, एका ठिकाणी कापलंही. त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेली राखाडी पँट इस्त्री करून चढवली. डॉक्टरांचं ऐकून दोन पेले पाणी पाजलं आणि इस्पितळातून आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसवून खात्यात नेलं. रस्त्याने ती एकच गोष्ट घोकून घेत होती. "बाबा, खरं सांगायचं. जमत नाही तर जमत नाही म्हणायचं. म्हणून दाखवा."

"जमत नाही," मास्तर खाली बघून म्हणाले.

मोठ्या साहेबांची खोली पहिल्या मजल्यावर होती. लिफ्ट चालू होती, हे नशीब. साहेब पन्नाशीचे, थकलेले, बोलायला सभ्य. अंगात कोट. त्यांनी स्वतः उठून खुर्चीला जागा करून दिली, त्यामुळे बसवालीला भांडायला अवघड झालं.

"मी तुमची बाजू वाचली," ते म्हणाले. "पण माझीही ऐका. माझ्याकडे जेवढा पैसा येतो तेवढाच येतो. रांगेत अशी माणसं आहेत ज्यांना मुलगी नाही, शेजारी नाही, कोणीच नाही. एकट्या खोलीत पडून आहेत. ज्याला गरज नाही त्याला मी दिलं, तर त्यांच्या तोंडचं काढून दिलं. मग त्यांच्यासाठी कोण भांडणार? तुमच्यासारखी मुलगी तर त्यांना नाहीच."

 त्या एकट्या खोलीतला माणूस बसवालीला दिसला, आणि तो खोटा नव्हता. पण मग तिला दिसलं की साहेबांनी त्या माणसाला तिच्या बापासमोर उभं केलंय, दोन उपाशी माणसांना एका भाकरीवर झुंजवावं तसं, आणि स्वतः बाजूला होऊन बसलेत.

"साहेब, त्याला जरूर द्या," ती म्हणाली. "पण माझ्या बाबांचं काढून कशाला? मी घरी बसले की तुमची एक गाडी कमी होईल. बाबा पुन्हा इस्पितळात गेले की तुमची एक खाट जाईल. यात वाचलं काय, ते मला दाखवा."

"गाड्या माझ्या खात्यात येत नाहीत," साहेब म्हणाले. "इस्पितळही नाही." हे ते उद्धटपणे म्हणाले नाहीत. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. "माझ्यासमोर प्रश्न एकच आहे. यांना स्वतःचं स्वतः करता येतं की नाही. तपासणीत येतं असं आहे. मी पुन्हा विचारतो." ते टेबलावरून पुढे वाकले. "मास्तर, तुम्ही सांगा. मुलीकडे बघू नका. उठणं, बसणं, संडासला जाणं, हे तुमचं तुम्ही करता का?"

मास्तरांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांच्या कोटाकडे बघितलं. टेबलापलीकडे एक सभ्य माणूस पुढे वाकून काहीतरी विचारत होता.

"होऊन जातं, साहेब," मास्तर म्हणाले.

 साहेबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत विजय नव्हता, उलट थोडी दयाच होती, आणि ती दया बघून बसवालीचं डोकं फिरलं. बापाचा राग आला, साहेबांचा आला, त्या खांद्यात उतरलेल्या शर्टाच्या पोराचा आला, स्वतःचा आला. हा राग कुणावर काढावा हे कळेना, म्हणून तो सगळ्यांवर निघाला.

"ठीक आहे," ती उठत म्हणाली. "बाबांना सगळं जमतं. तुम्हीही तेच म्हणता, तेही तेच म्हणतात, मीच एक खोटारडी. मग माझं इथे काय काम? माझी ड्युटी आहे, मी निघते. त्यांचं त्यांना उठून घरी येता येईल. होऊन जातं."

"अहो बाई, असं कसं..." साहेब अर्धवट उठले. पण ती दाराबाहेर पडली होती.

ड्युटी बिड्युटी काही नव्हती. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. दार अर्धं उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. शिपाई तिच्याकडे बघत होता, तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

आत साहेबांची खुर्ची करकरली. मग मास्तरांचा आवाज आला, अगदी नेहमीचा. "पोरगी तापट आहे, साहेब. मनावर घेऊ नका. येईल परत." साहेब काहीतरी पुटपुटले. "कोट चांगला आहे तुमचा. कुठे शिवला?" साहेबांनी सांगितलं.  साहेबांनी फोन उचलला, ठेवला. कागद चाळल्याचा आवाज आला. मास्तर एकदा खोकले. थोड्या वेळाने पुन्हा खोकले. बसवालीने बाकाची कड धरली. सकाळी पाजलेलं पाणी तिला आठवलं. उठून आत जावं असं तिच्या पायांना वाटत होतं, आणि ती त्यांना जाऊ देत नव्हती.

"साहेब," मास्तर शेवटी म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की तिला कान द्यावे लागले. "जरा... कोणी आहे का?"

"काय हवंय? पाणी?"

"नाही. पाणी नको. मला जायचंय. आणि मला एकट्याला..." मास्तर थांबले. हे वाक्य त्यांनी कधीच कोणापुढे पुरं केलं नव्हतं. "एकट्याला जमत नाही, साहेब."

घंटी वाजली. शिपाई आत गेला आणि तसाच बाहेर आला. "ते आमच्या कामात बसत नाही, साहेब," असं तो दारातूनच म्हणाला, "उद्या उचलताना माणूस पडला तर माझी नोकरी जाईल." त्याचंही खरंच होतं. शेवटी साहेब स्वतः खुर्ची ढकलत बाहेर आले. समोर बाकावर बसवाली. साहेबांचे पाय थबकले.

ती उठली असती, हात पुढे केला असता, तर तिथेच संपलं असतं. साहेब मनातून तेच मागत होते. मास्तरांनीही मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, नुसता प्रश्न होता. बसवालीने नजर खाली वळवली आणि फरशीकडे बघत राहिली.

"कुठे आहे पुरुषांचं?" साहेबांनी शिपायाला विचारलं. आपल्याच कचेरीतलं, त्यांना माहीत नसेल असं नाही, पण विचारलं. शिपायाने बोट दाखवलं. दोघं कोपऱ्यावरच्या दारातून आत गेले.

त्या दारामागून आलेला प्रत्येक आवाज तिला ऐकावा लागला. खुर्ची भिंतीला घासली. "काखेत नको, साहेब, कंबरेला धरा." "असं?" "थोडं वर. पाय अडकलाय माझा." काहीतरी आपटलं. साहेब शिवीसारखं काहीतरी बोलले आणि लगेच माफ करा म्हणाले. "बटण, साहेब. बटण घट्ट आहे." मग झटापट, मग श्वासांचे आवाज, आणि मग मास्तर म्हणाले, "राहू द्या. राहू द्या, साहेब. झालं."

बाहेर आले तेव्हा मास्तरांची राखाडी पँट पुढून काळी पडली होती. साहेबांचे बूट आणि एक बाही ओली होती. शिपायाने तोंड फिरवलं. कॉरिडॉरमधून जाणाऱ्या दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या आणि भिंतीकडेने पुढे गेल्या. साहेबांना घाम फुटला होता. त्यांनी कोट काढला, तो मास्तरांच्या मांडीवर टाकावा की नाही यात दोनदा हात पुढे-मागे झाला, आणि शेवटी त्यांनी टाकला.

तिघं खोलीत परत गेल्यावर साहेब उभ्या उभ्याच सही करायला लागले.  "मंजूर," ते म्हणाले. "उद्यापासून बाई येतील. सकाळच्याच वेळी."

बसवालीला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. "आणि हे आधी कागदावर का दिसलं नाही?" तिने विचारलं. "डॉक्टरांचा दाखला होता. इस्पितळाचा होता. माझा शब्द होता. एवढ्या सगळ्यावर तुमचा विश्वास बसला नाही, आणि माणूस तुमच्या बुटांवर भिजला तेव्हा बसला?"

 साहेबांनी शिक्का उचलला, मारला. मग नजर न उचलता म्हणाले, "सहा महिन्यांसाठी आहे. पुढे पुन्हा तपासणी होईल. तो नियम आहे, माझ्या हातात नाही."

"सहा महिन्यांत यांचा हात नवा फुटणार आहे का?"

"माझ्या हातात नाही," साहेब पुन्हा म्हणाले. कोट परत घ्यायला ते विसरले की मुद्दाम घेतला नाही, हे कळलं नाही.

परतीच्या बसचा ड्रायव्हर तिच्याच डेपोतला होता. त्याने गाडी फुटपाथला अगदी चिकटवून उभी केली, खुर्ची वर घ्यायला स्वतः खाली उतरला, आणि वासाबद्दल काही बोलला नाही. गाडी जवळजवळ रिकामी होती. मास्तर खिडकीशी, त्यांच्या मांडीवर साहेबांचा कोट, शेजारी ती. तिला खूप बोलायचं होतं. माझं चुकलं म्हणायचं होतं. दुसरा मार्ग नव्हता, हेही म्हणायचं होतं. नोकरी वाचली, नवी मावशी येईल, हे तर म्हणायलाच हवं होतं. पण मास्तर बाहेर बघत होते.

बरेच थांबे गेल्यावर त्यांनी मान तिच्याकडे वळवली.

"सहा महिन्यांनी परत असंच करावं लागेल का गं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कोणीतरी वेळ विचारावी तसं त्यांनी विचारलं. नाही, बाबा, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण आज सकाळपासून सगळ्यांचं एवढं खोटं बोलून झालं होतं की आणखी एक तिला झेपेना.

"हो, बाबा," ती म्हणाली. "बहुतेक करावं लागेल."

मास्तरांनी मान हलवली. डाव्या हाताने त्यांनी मांडीवरचा कोट थोडा वर ओढून घेतला.

"मग आधी सांगत जा," ते म्हणाले. "असं अचानक नको करू."